पेल एलची रसपरीक्षा

पेल एलची रसपरीक्षा : फिकट माल्टापासून केलेल्या आणि एल जातीच्या यीस्टने आंबविलेल्या बिअरचा रंग, फेस, गंध, रुची व मुखस्पर्श यांचे पद्धतशीर परीक्षण. बिअरचे एल व लागर असे दोन मुख्य वर्ग आहेत. एलचे किण्वन (आंबण्याची क्रिया) सॅकॅरोमायसीझ सेरेव्हिसी या यीस्टमुळे साधारणपणे १८° ते २२° से. तापमानास होते व किण्वनाच्या भरात यीस्ट द्रवाच्या पृष्ठभागावर जमते. लागरचे किण्वन ८° ते १३° से. इतक्या थंड तापमानास व निराळ्या यीस्टने होते. पेल एल ही एलची एक जात असून ‘पेल’ म्हणजे फिकट हे विशेषण तिला पोर्टरसारख्या गडद तपकिरी बिअरच्या तुलनेने मिळाले आहे. प्रत्यक्षात तिचा रंग गव्हाळ सोनेरीपासून तांबूस पिवळ्यापर्यंत असतो.

मोठ्या कारखान्यांत बिअरची तपासणी वायुवर्णलेखनासारख्या उपकरणांनी होते. लहान कारखान्यात अशी प्रयोगशाळा बहुधा नसते. तेथे तयार झालेला घाणा विकावयाचा की ओतून द्यावयाचा, हा निर्णय मुख्यत्वे जाणत्या माणसांच्या नाकावर व जिभेवर अवलंबून असतो. म्हणून रसपरीक्षा म्हणजे आवडनिवड सांगणे नव्हे. जाणवलेल्या प्रत्येक गंधाचे व रुचीचे कारण पाणी, माल्ट, हॉप, यीस्ट किंवा साठवण यांपैकी कशात आहे हे ओळखणे, हा तिचा खरा हेतू आहे. पेल एल या परीक्षेस विशेष अनुकूल असते. भाजलेल्या माल्टाचा दाट स्वाद किंवा अल्कोहॉलाचे मोठे प्रमाण तिच्यात नसल्याने कारागिराची चूक तिच्यात लपत नाही.

इतिहास : पूर्वी इंग्लंडमध्ये माल्ट वाळविण्यासाठी लाकूड, पेंढा इत्यादींचा जाळ करीत. लाकडाच्या धुरामुळे माल्ट तपकिरी होई व त्याला धुरकट वास येई. सतराव्या शतकाच्या मध्यास डर्बीशर परगण्यात या कामी कोक वापरला जाऊ लागला. कोकच्या धूररहित व आवरता येणाऱ्या आचेमुळे फिकट माल्ट खात्रीने तयार करता येऊ लागले आणि त्यापासून होणाऱ्या बिअरला अठराव्या शतकात पेल एल हे नाव रूढ झाले.

या बिअरच्या इतिहासाचा हिंदुस्थानशी निकटचा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्व भागातील बो येथील जॉर्ज हॉजसन याच्या कारखान्यातील बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तान स्वतःच्या व्यापाराचा माल म्हणून इकडे आणीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून होणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे व त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. हॉपमधील द्रव्ये काही सूक्ष्मजंतूंच्या वाढीस आळा घालतात. त्यामुळे भरपूर हॉप घातलेली बिअर या प्रवासात टिकत असे. मात्र हॉजसनने ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही रूढ समजूत बरोबर नाही. हॉपयुक्त फिकट बिअर इंग्लंडमध्ये त्यापूर्वीही होत असे आणि पोर्टरही हिंदुस्थानात येत असे. १८२२ मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील सॅम्युएल ऑल्सप याने कंपनीचे एक संचालक कँबेल मार्जोरिबँक्स यांच्या सूचनेवरून हॉजसनच्या बिअरसारखी बिअर तयार केली. तिचा पहिला नमुना चहाच्या किटलीत केला होता, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या पाण्यात ही बिअर लंडनपेक्षा सरस उतरली व लवकरच बास आणि इतर बर्टनचे कारखानदार या व्यापारात पुढे आले. बास कंपनीचा लाल त्रिकोण हे ब्रिटनमध्ये १८७६ साली नोंदविले गेलेले पहिले व्यापारचिन्ह होय.

विसाव्या शतकात मोठ्या कारखान्यांच्या हलक्या लागरने बाजारपेठ व्यापली व पेल एल मागे पडली. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शंभरांहूनही कमी बिअर कारखाने उरले होते. या स्थितीविरुद्धची प्रतिक्रिया प्रथम ब्रिटनमध्ये दिसली. तेथे १९७१ मध्ये ग्राहकांनी पारंपरिक एलच्या रक्षणासाठी संघटना स्थापन केली. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील शासकीय संकर-कार्यक्रमातून निघालेला कॅस्केड हा हॉपचा वाण १९७२ मध्ये प्रसारित झाला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये त्याचा उपयोग करून लिबर्टी एल काढली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू ॲल्बियन हा अगदी लहान कारखाना सुरू झाला. तो १९८२ मध्ये बंद पडला. परंतु त्याच्या उदाहरणाने इतरांना धीर आला. केन ग्रॉसमन व पॉल कॅमुसी यांनी चिको या गावी, दुग्धव्यवसायातील जुनी भांडी जमवून, सिएरा नेव्हाडा हा कारखाना उभारला व १९८० मध्ये उत्पादनास प्रारंभ केला. त्यांची पेल एल पुढे अमेरिकी पेल एलचा आदर्श नमुना ठरली. हा कारखाना आज लहान राहिलेला नाही. परंतु लहान कारखान्यांत होणारी पेल एल अजूनही बव्हंशी त्याच धर्तीची असते.

घटक व त्यांचे स्वाद : बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. बर्टन येथील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपलेले असल्याने त्यात कॅल्शियम सल्फेटाचे प्रमाण फार मोठे असते. सल्फेटामुळे हॉपचा कडवटपणा स्वच्छ व कोरडा लागतो. उलट क्लोराइडाचे प्रमाण जास्त असल्यास माल्टाची गोलाई व भरदारपणा पुढे येतो. मृदू पाण्यात जिप्सम मिसळून बर्टनच्या पाण्याचे अनुकरण करण्याच्या कृतीला ‘बर्टनीकरण’ म्हणतात. जी पेल एल कडू असूनही बोथट लागते, तिच्या बाबतीत परीक्षकाने प्रथम पाण्याचा विचार करावा.

सातू म्हणजेच बार्ली भिजवून, मोड आणून व वाळवून माल्ट करतात. मोड येताना दाण्यात निर्माण झालेली एंझाइमे पुढे गरम पाण्यात स्टार्चाचे साखरेत रूपांतर करतात. अशा रीतीने मिळालेला गोड काढा उकळून व थंड करून त्याचे किण्वन करतात. फिकट माल्टाचा स्वाद पाव, बिस्किट किंवा किंचित भाजलेल्या धान्यासारखा असतो. पेल एलमध्ये बहुधा थोडे स्फटिकी माल्टही घालतात. ते ओले असतानाच तापविल्याने दाण्यातच साखर तयार होऊन ती करपते व बिअरला तांबूस छटा व काकवीची किंवा खरपूस साखरेची आठवण करून देणारा गोडवा मिळतो. त्याचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी बिअर चिकट व जड लागते.

हॉप ही एक वेल असून तिच्या स्त्री-पुष्पबंधातील पिवळ्या ग्रंथींत आल्फा अम्ले व बाष्पनशील तेले असतात. काढा उकळताना आल्फा अम्लांचे रूपांतर आयसो-आल्फा अम्लांत होते व त्यांमुळे कडू रुची येते. कडवटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककांत एक एकक म्हणजे स्थूलमानाने लिटरमागे १ मिग्रॅ. आयसो-आल्फा अम्ले होत. अमेरिकी पेल एलमध्ये ही एकके साधारणपणे ३० ते ५० व अल्कोहॉलाचे घनफळात्मक प्रमाण ४·५ ते ६·२ टक्के असते. सुवासिक तेले उकळताना उडून जातात. त्यामुळे सुवासासाठी हॉप उकळण्याच्या शेवटी किंवा किण्वन झालेल्या थंड बिअरमध्ये घालतात. या दुसऱ्या कृतीला कोरडे हॉपन म्हणतात. फगल व गोल्डिंग या इंग्रजी वाणांचा गंध माती, गवत, फुले यांची आठवण करून देतो, तर कॅस्केडचा गंध पपनसाची साल, चिराची राळ व फुले यांसारखा असतो. इंग्रजी व अमेरिकी पेल एलमधील भेद बराचसा या हॉपमुळे पडलेला आहे.

यीस्ट साखरेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते; शिवाय अल्प प्रमाणात एस्टर ही फळांच्या वासाची संयुगेही निर्माण करते. इंग्रजी यीस्टच्या काही वाणांमुळे नासपती, सफरचंद यांचा मंद गंध येतो. अमेरिकी पेल एलसाठी तटस्थ वाण वापरतात, कारण हॉपला वाट मोकळी ठेवणे हा त्यांचा उद्देश असतो. किण्वनाचे तापमान फार वाढल्यास केळ्यासारखा वास व उग्र अल्कोहॉलाची धग जाणवते.

ज्ञानेंद्रियांचे कार्य : ज्याला व्यवहारात चव म्हणतात, त्याचा मोठा भाग गंधाचा असतो. घोट गिळताना तोंडातील बाष्पे घशाच्या मागील बाजूने नाकात शिरतात व मेंदूला ती चव तोंडातच आहे असे भासते. नाक चिमटीत धरून बिअर प्यायल्यास कडू, गोड, आंबट एवढेच कळते. नाक सोडताच पपनस, राळ, पाव ही सारी ओळख परत येते. जिभेच्या टोकाला गोड व मागील भागाला कडू लागते, असे नकाशे अनेक वर्षे पुस्तकांतून छापले गेले. १९०१ मधील एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या आकलनातून ते रूढ झाले असून त्यांना आधार नाही. रुचिकलिका असलेल्या सर्व भागांना सर्व मूलभूत रुची कळतात. कडू रुचीचे सु. २५ प्रकारचे ग्राही माणसात आढळतात व त्यांची संवेदनशीलता आनुवंशिकतेने व्यक्तिपरत्वे बदलते. एकच बिअर एकास सौम्य व दुसऱ्यास असह्य कडू लागते, त्यात दोघांचेही काही चुकत नसते.

पूर्वतयारी : परीक्षेची जागा उजेडाची, शांत व स्वयंपाकाच्या किंवा धुराच्या वासापासून मुक्त असावी. परीक्षकाने त्यापूर्वी अर्धा तास धूम्रपान, मसालेदार पदार्थ, पान व कॉफी टाळावी आणि अत्तर लावू नये. सकाळी न्याहारीनंतर व दुपारच्या जेवणापूर्वीची वेळ चांगली समजली जाते. पेला स्वच्छ, गंधहीन व वरच्या बाजूस किंचित निमुळता असावा. पेल्याला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिल्यास फेस लगेच विरतो व दोष विनाकारण बिअरच्या माथी येतो. अमेरिकी धर्तीची पेल एल ७° ते १०° से. व इंग्रजी पिंपातील एल सु. ११° ते १३° से. तापमानास तपासतात. बिअर बर्फासारखी थंड असल्यास गंध दबतो व कडवटपणा बोचरा होतो. प्रत्येक नमुना ६० ते १०० मिलि. पुरतो. नमुन्यांचा क्रम कमी कडूकडून अधिक कडूकडे ठेवतात, कारण कडू रुची तोंडात साचत जाते. मध्यंतरी साधे पाणी व बिनमिठाचा पाव देतात. एका बैठकीत सहा ते आठांहून अधिक नमुने ठेवल्यास नंतरच्या निर्णयांवर विसंबता येत नाही.

परीक्षेचा क्रम : बिअर पेल्याच्या मध्यभागी ओतून दोन बोटे फेस येऊ देतात व फेस बसण्यापूर्वीच वास घेतात. घ्राणेंद्रिय काही श्वासांतच एका गंधाला सरावते, म्हणून पहिल्या एकदोन हुंगण्यांत जे जाणवेल ते ताबडतोब लिहून ठेवणे महत्त्वाचे असते. मग पेला हलकेच फिरवून दुसऱ्यांदा वास घेतात. प्रथम हॉपचा, नंतर माल्टाचा, त्यानंतर यीस्टचा व शेवटी कोणत्याही उपऱ्या गंधाचा शोध घेण्याची पद्धत सोयीची आहे.

त्यानंतर रंग, पारदर्शकता व फेस पाहतात. बिअरचा रंग मोजण्याच्या आधुनिक पद्धतींचा उगम जोझेफ लोव्हिबाँड या इंग्रज बिअर उत्पादकाने १८८५ मध्ये बनविलेल्या रंगीत काचांच्या मापकात आहे. लहान कारखान्याची बिअर बहुधा न गाळलेली असल्याने ती किंचित गढूळ असणे हा दोष नव्हे. कोरड्या हॉपनाने येणारी धूसरता एकजीव असते. यीस्टचा गाळ तळाशी बसतो. पूर्वी पारदर्शक असलेली बिअर आपोआप गढूळ होऊ लागली, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. फेस माल्टातील प्रथिने व हॉपमधील कडू अम्ले यांच्या संयोगाने टिकतो. चांगल्या पेल एलचा फेस दाट व बारीक बुडबुड्यांचा असतो आणि बिअर खाली जाईल तसतशी पेल्याच्या आत जाळीसारखी वलये उमटतात.

यानंतर घोट घेऊन तो सर्व तोंडभर फिरवितात. प्रथम माल्टाचा गोडवा, मग हॉपचा स्वाद व त्यामागून कडवटपणा अशा क्रमाने संवेदना येतात. कडवटपणाचे केवळ प्रमाण नव्हे, तर जातही पाहावयाची असते. तो चटकन उमटून स्वच्छपणे मावळतो, की जिभेच्या मुळाशी खरखरीतपणे रेंगाळतो, हे नोंदवितात. रेंगाळणारा तुरटपणा फार गरम किंवा क्षारधर्मी पाण्याने माल्टाचा भुसा धुतल्यामुळे अथवा हॉपची पाने फार काळ बिअरमध्ये राहिल्यामुळे येऊ शकतो. वाइनच्या परीक्षेत घोट थुंकण्याची प्रथा आहे. बिअरच्या परीक्षेत मात्र लहानसा घोट गिळतात, कारण कडवटपणा उशिरा जाणवतो व गिळल्यानंतरची अनुरुची हाच पेल एलचा अर्धा परिचय असतो. शेवटी दाटपणा, वायूचा चुरचुरीतपणा आणि अल्कोहॉलाची उष्णता या मुखस्पर्शाच्या बाबी लिहितात. परीक्षेचा निर्णायक निकष समतोल हा आहे. पेल एलमध्ये हॉप पुढे असावा, पण त्याला माल्टाचा आधार असावा. दुसरा घोट घ्यावासा वाटणे, ही या समतोलाची साधी खूण होय.

सिएरा नेव्हाडाची पेल एल हे या परीक्षेचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात अल्कोहॉल ५·६ टक्के व कडवटपणा ३८ एकके असतो. ती अखंड हॉपपुष्पांपासून करतात व बाटलीत तिचे थोडे किण्वन पुन्हा होऊ देतात; त्यामुळे बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो व ओतताना तो मागे ठेवतात. पपनस व राळ यांचा गंध कॅस्केडचा, तांबूस छटा व मंद खरपूस गोडवा स्फटिकी माल्टाचा आणि फळांच्या गंधाचा जवळजवळ अभाव हा तटस्थ यीस्टचा, अशी तिची फोड करता येते. या कारखान्याने सुरुवातीचे अनेक घाणे, त्यांत एकसारखेपणा नसल्याने, विक्रीस न काढता ओतून दिले. भांडवल तुटपुंजे असताना घेतलेला हा निर्णय रसपरीक्षेचे मोल दाखवितो. पहिला घाणा चांगला उतरणे हे नशिबाचेही असू शकते. दहावा घाणा पहिल्यासारखा उतरणे हे कारागिरीचे लक्षण आहे आणि त्याची साक्ष नाक व जीभच देतात.

दोष व त्यांची कारणे : ताज्या लोण्याचा किंवा लोणी घातलेल्या साखरपाकाच्या गोळीचा वास डायॲसिटील या संयुगाचा असतो. किण्वनात ते निर्माण होतेच, परंतु यीस्टला पुरेसा अवधी दिल्यास तेच ते पुन्हा शोषून घेते. टाकी रिकामी करण्याच्या घाईने बिअर लवकर थंड केल्यास हा दोष राहतो. त्याची आगाऊ परीक्षा अगदी सोपी आहे. बिअरचा थोडा नमुना झाकून सु. ६०° ते ७०° से. तापमानास वीसेक मिनिटे ठेवतात व थंड करून न तापविलेल्या नमुन्याशी ताडून पाहतात. तापविलेल्या नमुन्यास लोण्याचा वास आल्यास घाणा अजून तयार नाही असे समजतात. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडाचा असून तोही बहुधा अपुऱ्या किण्वनाचे लक्षण असतो. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडाचा असतो. काढा जोमाने व पुरेसा वेळ न उकळल्यास किंवा उकळल्यावर सावकाश थंड केल्यास तो येतो. औषधी किंवा मलमपट्टीसारखा वास पाण्यातील क्लोरिनाचा माल्टातील फिनॉलांशी संयोग होऊन येतो, म्हणून नळाचे पाणी कोळशाच्या गाळणीतून घेतात.

वरील दोष कारखान्यातील आहेत. काही दोष मात्र बिअर कारखान्याबाहेर पडल्यावर निर्माण होतात. सूर्यप्रकाशातील निळ्या व जंबुपार भागामुळे हॉपमधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन एक गंधकयुक्त संयुग तयार होते. त्याचा वास जळक्या रबरासारखा उग्र असून लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही तो ओळखता येतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतील बिअर उन्हात काही मिनिटांत बिघडते. तपकिरी काच बरेच संरक्षण देते व धातूचे डबे संपूर्ण. ऑक्सिजनाच्या संपर्काने पेल एलचा हॉपगंध प्रथम मंदावतो, मग मधासारखा चिकट गोडवा व शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. साठवणीचे तापमान १०° से. वाढले, की ही क्रिया साधारणपणे दोन ते तीन पट वेगाने होते. दुकानातील किंवा पानगृहातील नळ्या वेळेवर, म्हणजे सु. दोन आठवड्यांतून एकदा, न धुतल्यास त्यांत सूक्ष्मजंतू वाढून आंबट व ओशट स्वाद येतो.

हा भेद करणे न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उत्तम केलेली बिअर दुकानाच्या उन्हातल्या फळीवर आठवडाभर राहून वाईट ठरली, तर ग्राहक दुकानास नव्हे, कारखान्यास दोष देतो व लहान कारखान्याला असा गमावलेला ग्राहक परत मिळविणे कठीण जाते. म्हणून जाणता परीक्षक बाटलीवरील तारीख पाहिल्याशिवाय व शक्य तर त्याच घाण्याचा कारखान्यात थंड ठेवलेला नमुना ताडून पाहिल्याशिवाय अंतिम मत देत नाही.

पूर्वग्रह व संख्याशास्त्र : रंग, नाव, किंमत व शेजाऱ्याचे मत यांचा चवीवर नकळत परिणाम होतो. स्वतःच्या घाण्याची परीक्षा करणाऱ्या कारागिराला तर तो चांगला झाला असावा अशी इच्छाच असते. यावर उपाय म्हणून नमुन्यांना केवळ आकडे देतात आणि सर्वांची मते लिहून होईपर्यंत चर्चा करीत नाहीत. दोन घाण्यांत खरोखर फरक आहे काय, हे ठरविण्यासाठी त्रिकोण परीक्षा वापरतात. तिचा विकास १९४० नंतरच्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात झाला. परीक्षकापुढे तीन पेले ठेवतात. त्यांपैकी दोनांत एकच बिअर असते व वेगळा पेला ओळखावयाचा असतो. केवळ अंदाजाने उत्तर दिले, तरी तीनांत एक वेळा ते बरोबर येणारच. त्यामुळे १२ परीक्षकांपैकी चौघांची उत्तरे बरोबर आली, तर काहीच सिद्ध होत नाही. निदान आठांची बरोबर आली, तरच फरक खरा मानतात. संख्याशास्त्रातील सुप्रसिद्ध ‘स्टुडंट’ची कसोटी मांडणारे विल्यम गॉसेट हेही डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीस होते, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

परीक्षकांची भाषा एक नसेल, तर त्यांच्या नोंदी निरुपयोगी होतात. एकाचे ‘गोड’ दुसऱ्याचे ‘जड’ असते. ही अडचण दूर करण्यासाठी मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७० नंतरच्या दशकात बिअरचे स्वादचक्र तयार झाले व यूरोप-अमेरिकेतील बिअर-तंत्रज्ञांच्या संस्थांनी ते स्वीकारले. त्यात १४ वर्गांत १२२ स्वादसंज्ञा आहेत आणि शक्य तेथे प्रत्येक संज्ञेस एखाद्या ठराविक रासायनिक द्रव्याचा आधार दिला आहे. नव्या परीक्षकांना निर्दोष बिअरमध्ये अशी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळून शिकवितात. काही व्यक्तींना डायॲसिटीलसारखा एखादा गंध जवळजवळ कळतच नाही. आपल्या नाकाची अशी उणीव माहीत असणे हाही परीक्षकाच्या शिक्षणाचा भाग असतो.

भारतातील स्थिती : पेल एल एके काळी हिंदुस्थानात आयात होत असे; एकोणिसाव्या शतकात हिमालयातील कसौलीसारख्या थंड ठिकाणी ती स्थानिक कारखान्यांतही होऊ लागली. स्वातंत्र्योत्तर काळात बाजारात लागरचेच प्राबल्य राहिले. बिअर तेथेच करून तेथेच विकणारी लघु-कारखान्यांची प्रथा महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात सुरू झाली व पुढे मुंबईतही पसरली. राज्यात मद्याची निर्मिती, विक्री व सेवन यांवर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे नियंत्रण आहे. सह्याद्रीतील धरणांचे पाणी बेसॉल्टावरून आलेले व तुलनेने मृदू असल्याने पेल एलसाठी त्यात जिप्सम घालणे सोयीचे असते. हॉपच्या वेलीला फुलण्यासाठी उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात. भारतात ती हिमाचल प्रदेशातील लाहूल भागात पिकते. महाराष्ट्रात हॉप बाहेरूनच आणावे लागते व ते थंड न ठेवल्यास त्याला खवट चीजसारखा वास येतो. येथील उष्ण हवेत साठवणीचे दोष लवकर उद्भवतात. परंतु टाकीपासून पेल्यापर्यंतचे अंतर काही मीटरच असल्याने ताजेपणाच्या बाबतीत लघु-कारखान्याची बाजू मूलतः भक्कम असते.

रसपरीक्षेतही मद्य पोटात जातेच, हे विसरून चालत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये अल्कोहॉलयुक्त पेये मानवास कर्करोगकारक असल्याचे नोंदविले आहे. म्हणून व्यावसायिक परीक्षक घोट लहान व नमुने मोजके ठेवतात आणि परीक्षेनंतर वाहन चालवीत नाहीत. परीक्षेच्या अचूकतेसाठीही हा संयम आवश्यक असतो, कारण अल्कोहॉलाने परीक्षकाचे भान सैल होते व चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर त्याला सर्वच बिअर चांगली वाटू लागते.